बाईंचा अंगठा

धातूच्या पात्यांवर सिरॅमिकचा लेप फवारायची नवी पद्धत बाईंनी शोधली, तेव्हा त्या तिशीच्या होत्या आणि आपल्याला सगळं कळतं अशी त्यांची खात्री होती. लेप भट्टीत टिकला तर पद्धत कारखान्यात जाणार होती, नाहीतर कपाटात. दोनदा तो सुटला. बाईंनी पावडरीला नावं ठेवली, भट्टीला ठेवली, फवारणी करणाऱ्या उस्तादांनाही सोडलं नाही. "घासलेल्या पात्याला उघडा हात लावू नये," अशी पाटी त्यांनी स्वतः रंगवून भिंतीवर ठोकली; हाताचा तेलकटपणा लागला की तिथे लेप धरत नाही.

साहेबांनी दिलेली ही शेवटची खेप. भट्टी उघडली, तर प्रत्येक पात्यावर एकाच जागी लेपाचा पापुद्रा सुटलेला.

उस्ताद म्हणाले, "बाई, तुमचा अंगठा जरा इथे ठेवा बघू."

अंगठा तंतोतंत बसला. पातं पुरेसं खरखरीत झालंय का, हे बाई दरवेळी अंगठा दाबून बघत; यंत्रावर त्यांचा भरवसा नव्हता.

"अहो, मग बोलला का नाहीत?"

"पाटी तुमचीच. म्हटलं, तुमच्या हाताला सूट असेल!"

बाईंनी अहवालात कारण लिहिलं, 'संशोधिकेचा अंगठा', आणि तो स्वतः साहेबांना नेऊन दिला. साहेब पोट धरून हसले. आणखी एक खेप मिळाली, पण बाईंनी फवारणीच्या खोलीच्या काचेबाहेर उभं राहायचं या अटीवर.

लेप टिकला. आपण लांब राहिलो की आपलं काम उत्तम होतं, हे पचवून आनंद व्हायला बाईंना दोन दिवस लागले.