उंबरभाटाची हद्द

सांडोरच्या उंबरभाटात घरं मोजकीच, पण वाडीचा इतिहास सांगायला कोणी बसलं की ताटातलं जेवण थंड होतं. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या हिल्डाने तो सगळा शांतपणे ऐकून घेतला होता. चर्चच्या सणाला वाडीचा नकाशा लावायचा होता आणि तो तिनेच काढायचा असं ठरलं होतं. बुजलेलं बावखल, म्हणजे जुनं तळं, नेमकं कुठे होतं ते तिने खालचा काळा चिखल उकरून पक्कं केलं. क्रूस, विहीर, केळीच्या बागा जागच्या जागी बसल्या. हद्द मात्र तिने डांबरी रस्त्यावरून ओढली आणि तिथेच घोटाळा झाला. रस्त्यापलीकडे राहणाऱ्या सालोमीमावशी एका रेघेत शेजारच्या खालच्या आळीत गेल्या.

खालच्या आळीचा डेरिक खूश झाला. मे महिन्यातली रोझरी, म्हणजे माळेची प्रार्थना, आता आमच्या क्रूसापाशी म्हणा, तुमच्यासारखा गळा आमच्याकडे कोणाला नाही, सगळेच बेसूर, असं त्याने मावशींना सांगूनही टाकलं. मावशी तडक हिल्डाकडे आल्या.

“बाय, ज्या वाडीत लग्न होऊन आले, मेल्यावर तिथूनच मला न्यायला हवं. उद्या हा नकाशा चर्चच्या हॉलमध्ये लागला की काळ्या दगडावरची रेघ.”

हिल्डा ओशाळली. विहिरीचं पाणी पाटाने आपसूक जिथवर पोचेल तिथवर आपली वाडी, ही उंबरभाटाची रीत तिला लहानपणापासून माहीत होती. उपग्रहाचं चित्र समोर ठेवून काम करताना ती नेमकी सुटली. पाणी सोडून पाहू, ती म्हणाली. पण ते जिथे थांबेल तिथेच रेघ पडेल, हेही तिने बजावलं.

तिच्या भावाने, स्टॅनीने, पंप सुरू केला. पाणी केळींमधून, रस्त्याखालच्या मोरीतून सावकाश निघालं. दोन्हीकडची माणसं सोबत चालू लागली. घोड्यांची शर्यत असल्यासारखं डेरिक पाण्याला ‘थांब, थांब’ म्हणून ओरडत होता आणि स्टॅनी त्याला फालतू बडबड बंद कर म्हणत होता. मावशींच्या परसात पाणी शिरलं, घराची मागची भिंत भिजली आणि पाणी तिथेच साचलं. पुढे सरकेना.

हिल्डाने गवंड्याची पाण्याची नळी लावून उतार तपासला. घराच्या मधोमध जमीन उंच होती; भिंत आड नसती तर पाणी तिथवर पोचलं असतं, त्यापुढे नाही. मागची बाजू उंबरभाटाची, पुढची खालच्या आळीची. तिने दोनदा मोजलं. उत्तर बदललं नाही.

“मावशी, हद्द तुमच्या घरातून जाते,” ती म्हणाली.

“आणि माझी चूल?”

“मागच्या बाजूला. उंबरभाटात.”

मावशींनी पदराने कपाळ पुसलं. मग डेरिककडे वळल्या.

“पुढची ओटी तुझी. गप्पा मारायला येत जा. जेवण आणि रोझरी मात्र आमच्या वाडीत.”

हिल्डाने रस्त्यावरची रेघ खोडली आणि नवी रेघ मावशींच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून ओढली. डेरिक मात्र आत डोकावून आज कालवण कसलं आहे ते विचारत होता.