निंगव्वाची हजेरी

राजाबाईचं नातवंड दूध धरत नव्हतं. लेक बाळंतपणात गेली, मागं हा मुठीएवढा जीव राहिला. शेळीचं दूध बोळ्यानं पाजलं की पोर तेवढंच ओकून टाकी. मिशनच्या दवाखान्यातल्या नर्सबाईनं सांगितलं, अंगावर पाजणारी बघा, नाहीतर आशा सोडा. सोलापुरात पाजणाऱ्या बाया का कमी होत्या? पण ख्रिस्त्याचं पोर पदराखाली घ्यायला एक तयार होईल तर शपथ. तयार झाली ती निंगव्वा.

आता ही निंगव्वा कोण, तर सेटलमेंटातली. ज्या जातींवर सरकारनं चोर म्हणून शिक्का मारला, त्यांना गावाबाहेर तारेच्या कुंपणात ठेवलं होतं, तिथली. दिवसा पास घेऊन बाहेर पडायचं, संध्याकाळी घंटा झाली की हजेरीला बसायचं आणि नाव पुकारलं की आपल्या तोंडानं ‘हाय’ म्हणायचं. दुसरीनं म्हटलं तर दोघींना शिक्षा. निंगव्वाचं स्वतःचं पोर गेलं त्या दिवशी तिची हजेरी चुकली होती. पुन्हा चुकली तर तुरुंग, असं साहेबानं बजावलं होतं.

राजाबाई दर रविवारी तिथं शिकवायला जायची. देवानं माणूस आपल्या प्रतिमेचा घडवला, शोधलं तर कुणातही त्याचं रूप सापडतं, असं लई गोड सांगायची. निंगव्वा तिच्याकडं पाठ करून तंबाखू मळायची आणि मधूनच एखादी शिवी हासडायची. हिच्यात प्रभूचं रूप शोधावं असं राजाबाईच्याही मनात कधी आलं नाही, खोटं कशाला बोला. निंगव्वा घरात पाजायला आली तेव्हा राजाबाईनं आधी काय केलं असेल, तर लेकीच्या पाटल्या कनवटीला लावल्या.

काल पोरानं जरा कुठं छाती धरली होती. तेवढ्यात दारात कुत्रं आलं, निंगव्वा त्याच्यावर खेकसली, आणि पोर दचकून सुटलं. रडून रडून निळं पडलं, पण पुन्हा तोंड लावीना.

“तोंड बंद ठेव, बाई,” राजाबाई फाडकन म्हणाली. “तुझ्या त्या आवाजानंच मारशील माझ्या लेकराला.”

निंगव्वा येरवी ऐकून घेणारी नव्हे. पण तिनं नुसतं बघितलं आणि पदर सावरला.

आज दुपार कलली तसं पोर रडायचंही थांबलं.  बाप्तिस्म्याविना जीव जाऊ नये म्हणून पोर निंगव्वाच्या मांडीवर देऊन राजाबाई पाळकांकडं धावली. पाळक कुर्डुवाडीला गेलेले. त्यांची वाट बघण्यात दिवस मावळतीला आला, आणि ती तशीच परतली. दार सताड उघडं होतं. झोळी रिकामी. घरात ना निंगव्वा, ना पोर.

तिचा हात आपसूक कनवटीला गेला. पाटल्या होत्या. पाटल्या सांभाळल्या आणि पोर दिलं, हे ध्यानात आलं तशी ती उंबऱ्यातूनच माघारी वळली

आणि पळत सुटली. नेलं. स्टेशनावर कुणाला तरी विकलं असेल. नाहीतर अफू चाटवून टाकलं असेल कुठंतरी. तोंडानं ‘प्रभू, प्रभू’ चाललं होतं, आणि मनात त्याच शिव्या, ज्या निंगव्वाकडून ऐकून तिनं कानावर हात ठेवले होते. पोलीस आणीन, हिला जन्माची अद्दल घडवीन, असं घोकत ती सेटलमेंटाच्या फाटकाशी पोचली.

आत हजेरी चालली होती. अंधारून आलं होतं, बाया रांगांनी बसल्या होत्या, आणि नाईक कंदिलाजवळ खाली मान घालून नावं पुकारत होता.

“निंगव्वा!”

कुणी बोललं नाही.

“निंगव्वा! हाय का न्हाय?”

पळाली, राजाबाईच्या मनात आलं. ती ओरडणार, तोच शेवटच्या रांगेच्या टोकाला तिची नजर गेली. निंगव्वा तिथंच होती. मान खाली, ओठ गच्च मिटलेले. पदराखालून दोन इवले पाय बाहेर आले होते, आणि पदर हलत होता. पोर पीत होतं. घटाघटा पीत होतं.

निंगव्वानं वर बघितलं. तिचे डोळे भरले होते. पण राजाबाईला बघून तिनं हळूच मान हलवली. ओरडू नकोस.

“गैरहजर,” नाईक म्हणाला. “उद्या साहेबाम्होरं.”

तरी निंगव्वा बोलली नाही.

राजाबाईला कालचं आपलं बोलणं आठवलं. तिनं वहाणा काढल्या, रांगांमधून अनवाणी नाईकाजवळ गेली आणि खाली वाकली.

“निंगव्वा हाय,” ती हळूच म्हणाली. “ती बघा, तितं बसलीय.”

नाईकानं कंदील उचलून बघितलं. “मग तिला तोंड न्हाय व्हय? येरवी तर गावभर चालतं की!”

“हळू बोला, नाईक. तिचं तोंड मी बंद केलंय. साहेबांना सांगायचं ते मी सांगते.”

ती जाऊन निंगव्वाच्या शेजारी मातीत बसली. नाईकाची नजर त्या दोन इवल्या पायांवर गेली, आणि त्यानं कंदील खाली ठेवला. मग त्यानं पुढचं नाव घेतलं, पण दबक्या आवाजात.

“हाय,” कुणीतरी कुजबुजलं.

त्यापुढं एकेक बाई तशीच बोलत गेली, जेमतेम ऐकू येईल अशी. पोर शेवटपर्यंत पीत होतं.