ढिगाच्या तळाशी

मी तेलताडाचा रिकामा घड बोलतोय. रिकामा म्हटलं की माणसं लगेच निरुपयोगी समजतात. हातात काम दिसलं नाही की सुनेलाही तसंच समजतात.

झाडावर होतो तेव्हा अंगाखांद्यावर हजारभर लाल फळं होती. मग मला कापलं, कारखान्यात वाफेवर उकडलं, फिरत्या पिंपात आपटून फळं झाडून घेतली. उरलेला काटेरी सांगाडा ट्रॉलीतून बागेत परतला. खरं तर माझं काम आता सुरू व्हायचं होतं. आम्हाला झाडांभोवती एकेरी थरात पसरतात. पावसागणिक आमच्यातलं पोटॅश झिरपतं, बाकीचं कुजत कुजत वर्षभर मुळांना मिळत राहतं.

पण मालकांच्या मुलाचं लग्न निघालं. "पाहुणे येतील, बाग कशी आरशासारखी हवी!" मालक म्हणाले. आम्हाला उचलून कोवळ्या रोपांमागे पुरुषभर उंच ढीग रचला. जुनी झाडं उतरणीला लागलेली. घराची पुढची पंचवीस वर्षं त्याच रोपांवर होती.

पाहुणे जेवून गेले. ढीग राहिला. माझं पोटॅश एका चरातून ओढ्याला वाहून गेलं. ते न मिळाल्यानं झाडांच्या जुन्या पानांवर नारिंगी ठिपके उमटले. आणि ढिगाच्या उबेत काहीतरी हललं.

नव्या सुनेनं काडीनं उकरून पाहिलं. अंगठ्याएवढी पांढरी अळी वेटोळं करून बसली होती. तिनं फोटो काढून घरात दाखवला.

"बाबा, ही गेंड्या भुंग्याची. पंख फुटले की रोपांचे कोंब पोखरतील. ढीग पसरायला हवा."

"चार महिने झाले नाहीत येऊन, निघाली आमचा ढीग उपसायला!" सासरे हसले. "कापणी उरकू दे, मग बघू."

"लोकांच्या सुना फिरायला गेल्याचे फोटो दाखवतात," सासूबाई म्हणाल्या, "आमची अळ्यांचे!"

नवरा भात कालवत राहिला.

तेव्हापासून रोज दुपारी घर निजलं की ती टोपली घेऊन येते. वरचे घड एकेक करून झाडांभोवती पसरते, सापडलेल्या अळ्या डब्यात भरते.

मी तळाशी आहे. निम्मा भुगा झालोय. इथल्या अळ्यांनी खाणं थांबवून मातीची कवचं केली आहेत. पूर्वी त्यांची कुरतड ऐकू यायची, आता तीही येत नाही.

पोरी, वरून नको, खालून उपस. आजच. माझ्या शेजारचं कवच सकाळी तडकलंय, आणि फटीतून एक काळं शिंग बाहेर आलंय.