दादाच्या नावाने आलेला फोन

मी लँडलाइन फोन बोलतोय. हॅलो म्हणू नका. हॅलो ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

तेवीस वर्षांपूर्वी लाइनमनने मला या भिंतीवर ठोकलं. खाली मावशींचं शिलाई मशीन. कुणाची पँट आखूड कर, कुणाचा झगा सैल कर, यावर त्यांचं घर चालतं. त्यांचा थोरला भाऊ वडिलांशी भांडून निघून गेला, तो माझा नंबर खिशात घालून. म्हणून तर माझे भाऊबंद भंगारात गेले तरी मी इथे टिकून आहे.

पूर्वी माझ्यातून माणसं बोलायची. मग आल्या रेकॉर्ड केलेल्या बाया. "अभिनंदन, आपली निवड झाली आहे!" कशासाठी, ते त्या टेपच्या बापालाही ठाऊक नसावं. दिवसाला दहा-बारा फोन. दर वेळी मावशी तोंडातल्या टाचण्या काढून उठायच्या आणि त्या टेपला म्हणायच्या, "नको हो बाई, दुसऱ्या कुणाला द्या." मध्येच फोन ठेवणं त्यांना उद्धटपणाचं वाटे. लाज कुणाला वाटायला हवी आणि वाटत कुणाला होती!

मावशींची भाची नर्स आहे. तिने फोन कंपनीत तक्रार नोंदवली. पंधरा दिवस शांतता, मग ये रे माझ्या मागल्या. "काढूनच टाक ना हा," ती म्हणाली. मावशींनी ऐकलं नाही.

एके दुपारी एक जिवंत माणूस बोलला. खातं बंद पडणार वगैरे नेहमीचं दळण सुरू करणार, तोच आवाजाला भुलून मावशी म्हणाल्या, "दादा?"

तो अर्धा क्षण थांबला. मग गळा भरून आल्यासारखं करून म्हणाला, "हो, मीच." म्हणे तो दवाखान्यात होता. तिच्या मोबाइलवर एक नंबर येईल, तेवढा तिने वाचून दाखवायचा होता.

नंबर आला. मावशींनी चष्मा लावला. दोन आकडे वाचलेसुद्धा. मी ओरडू शकत नाही. नुसती खरखर केली. आणि मग त्यांनी सहजच विचारलं, "आईचं कळलं का रे तुला?"

"कळलं ना. कालच बोललो तिच्याशी."

मावशींचा हात माझ्यावर घट्ट झाला. "काय म्हणाली?"

"म्हणाली, ताईला फोन कर."

"आई जाऊन अकरा वर्षं झाली," मावशी म्हणाल्या. "ठेव फोन."

त्या दिवशी मशीन चाललं नाही. संध्याकाळी भाचीने सगळं ऐकलं आणि एक युक्ती शिकवली: उचलायचं, पण आपण आधी बोलायचं नाही. तेव्हापासून मावशी गप्प राहून ऐकतात. हॅलो ऐकल्याशिवाय बऱ्याच टेपांचं तोंडच उघडत नाही. त्या मुकाट्याने कटतात. फोन आता निम्म्यावर आलेत.

त्या भामट्याला मी रोज शिव्या देतो. पण खरं सांगू? त्याच्याहून जास्त राग मला दादाचा येतो. चोराला जे वाक्य अर्ध्या क्षणात सुचलं, ते याला इतक्या वर्षांत सुचू नये?

दादा, कुठे असशील तिथून ऐक. नंबर तोच आहे. मावशी आधी बोलणार नाहीत. तूच बोल.