एक मान कमी

रंजीताने लेख शेवटपर्यंत वाचला, माऊस फिरवत पुन्हा वर गेली आणि छायाचित्रापाशी थांबली. कमरेइतक्या पाण्यात, लुगडं घट्ट खोवून तिची आई उभी होती. दोन्ही हातांत जाळं धरलेलं, डोळे उन्हाने बारीक झालेले. खाली ओळ होती, ‘तळ्याची राणी, झाडीपट्टी, २००७’. नाव कुठेच नव्हतं.

दुकानात देवानंद एका म्हाताऱ्याचा उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज टाइप करत होता. सिंदेवाहीच्या तहसील कचेरीसमोर नवराबायकोचं हे दुकान होतं. दोन संगणक, एक प्रिंटर आणि दीड वर्षांपूर्वी घेतलेली इंटरनेटची जोडणी. दिवसभर लोकांचे अर्ज टाइप करायचे आणि गर्दी ओसरली की रंजीता ‘ओसरी’ उघडायची.

‘ओसरी’ हे मराठी लिहिणाऱ्यांचं संकेतस्थळ होतं. पुणं, ठाणं, अगदी अमेरिकेतलीही माणसं तिथे लिहायची. कुणाचं लिखाण आवडलं की खालच्या छोट्या चौकोनावर टिचकी मारून त्याला ‘मान’ द्यायचा. मान देणाऱ्याचं नाव तिथेच उमटायचं, त्यामुळे कुणी दिला आणि कुणी नाही, हे सगळ्यांना दिसायचं. याच्या रीती कुठे लिहिलेल्या नव्हत्या, पण सगळे पाळायचे. लग्नातल्या आहेरासारखंच होतं ते. मिळालेला मान परत करायचा. ज्येष्ठांना आधी द्यायचा. द्यायचा नसेल तर गप्प राहायचं. का दिला नाही, हे बोलणं वाईट समजलं जाई.

लेख आगटेकाकांचा होता. पुण्याचे निवृत्त इंजिनियर, ओसरीवर ‘वनपथिक’ या नावाने लिहायचे. रंजीताच्या पहिल्या कथेला पहिला मान त्यांनीच दिला होता. दिवाळी अंकाच्या निवड मंडळावर तिला घ्या, विदर्भातलं कुणीतरी हवंच, असं म्हणणारेही तेच. यंदा ओसरीचा अंक पहिल्यांदाच कागदावर छापला जाणार होता. त्यात रंजीताची कथा होती. मंडळातल्या सगळ्यांनी ज्या लेखाला मान दिला, तो अंकात पहिला लागणार होता.

हिवाळ्यात काका ताडोबा बघायला आले होते, तेव्हा त्यांनी तिला फोन केला होता. खरंखुरं गाव दाखव म्हणाले. तिला दुकान सोडता येईना, म्हणून तिने त्यांना माहेरी पाठवलं. तिचा मोठा भाऊ खुशाल त्यांना घ्यायला बसथांब्यावर गेला. पाहुण्यांना मरळ मासळीच खाऊ घालायची असं आईने ठरवलं होतं, आणि ती मिळावी म्हणून खुशाल आदली सगळी रात्र तलावावर होता.

आणि आता लेखात लिहिलं होतं, ‘वाट चुकून आम्ही एका मासेमार ढिवराच्या झोपडीशी येऊन पोचलो. दारात तांबारलेल्या डोळ्यांचा एक माणूस उभा होता. सकाळीच प्यायलेला असावा.’ पुढे जेवणाचं वर्णन होतं. ‘म्हातारी समोर बसून आमचा एकेक घास डोळ्यांनी मोजत होती. गरिबीला पाहुणचाराची सवय नसते, हेच खरं.’

हे शेवटचं वाक्य लोकांना फार आवडलं होतं. खालच्या प्रतिसादांत ज्याने त्याने तेच उचलून लिहिलं होतं.

निरोपांच्या चौकोनात काकांचा निरोप होता. ‘रंजीता, मंडळातल्या सगळ्यांचे मान आले. तुझाच राहिला. कामात विसरलीस बहुतेक.’

तिने संगणक तसाच ठेवला आणि म्हाताऱ्याच्या अर्जाला तिकीट चिकटवून दिलं.

दुसऱ्या दिवशी वरोऱ्याहून साधनाचा फोन आला. ती शाळेत मराठी शिकवायची. दिवाळी अंकाचं काम तिच्याकडे होतं आणि ओसरीवर आल्यापासून दोघींची मैत्री झाली होती.

“काकांनी मले विचारलं,” साधना म्हणाली. “तुझ्या नेटले काही झालं का म्हनून.”

“नेट चालू आहे.”

“मंग?”

रंजीताने तिला सांगितलं.

“त्यांनी नाव नाई टाकलं ना कोनाचं,” साधना म्हणाली. “तुह्या माहेरची मान्सं आहेत हे कोनाले समजते? एक टिचकी मार आन् मोकळी हो. काय जाते तुहं?”

“काही नाई जात.”

“मंग मार ना. तुही कथा आहे त्या अंकात. पयल्यांदा छापून येऊन राह्यली. मान्सं दुखवली ना, त सगळं फिसकटते.”

“मले आवडला नाई लेख, साधना.”

“आवडल्यावर कोन देते वं मान,” साधना म्हणाली आणि स्वतःच हसली. रंजीता हसली नाही.

रविवारी लेखाचे कागद आणि रंगीत छापलेलं छायाचित्र पिशवीत घालून ती माहेरी गेली. तिची आई रुखमाबाई अंगणात बसून झिंगे निवडत होती. खुशाल जाळ्याचं फाटलेलं तोंड शिवत होता.

“त्या पुण्याच्या पाहुण्यानं लिहिलं आपल्यावर,” रंजीता म्हणाली.

“वाच,” आई म्हणाली.

रंजीताने काही न गाळता वाचलं. डोळ्यांबद्दलचं वाक्य आलं तेव्हा खुशालच्या हातातली सुई थांबली. तो जाळं बाजूला ठेवून उठला, रांजणापाशी गेला आणि कितीतरी वेळ तोंडावर पाणी मारत राहिला.

घास मोजण्याचं वाक्य ऐकून रुखमाबाईने मान वर केली.

“मोजून नाई राह्यली होती मी,” ती म्हणाली. “त्या मानसाले काटा काढता येत नव्हता. घासासंगं गिळला असता त गळ्यात अटकला असता. म्हनून पाहून राह्यली होती.”

“मंग सांगितलं काऊन नाई त्याले?”

“एवढा मोठा मानूस. त्याले काय सांगाव, असं खा, तसं खा? कसं दिसते ते. कोरड्या भाताचा गोळा करून ठेवला होता मी परातीआड. अटकलाच, त देता आला असता.”

रंजीताने कागदाची घडी घातली. ती मोडली, पुन्हा घातली.

“फोटो दाखव,” आई म्हणाली.

हात लुगड्याला पुसून रुखमाबाईने फोटो धरला. लांब नेला, जवळ आणला.

“हे मीच आहो?”

“तूच.”

“कशी ताठ उभी आहो पाह्य,” ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. “तुहा बाप असता त म्हनला असता, पान्यात असली का हे कोनाले भीत नाई.”

या फोटोचाच रंजीताला सगळ्यात जास्त राग आला होता. न विचारता काढलेला, न विचारता लावलेला. आई तो सोडायला तयार नव्हती.

“तो मानूस आता मान मांगून राह्यला,” रंजीता म्हणाली. “चांगलं लिहिलं, असं मी म्हनाव म्हनते सगळ्यांसमोर.”

“त दे ना. पाहुना होता आपला.”

“नाई देत.”

“अशी अडून नोको बसू बाई. जेवला तो आपल्या घरी.”

“जेवला म्हनूनच नाई देत.”

आईने तिच्याकडे पाहिलं. मग ती पुन्हा झिंगे निवडू लागली. निवडता निवडताच म्हणाली, “फोटो इथीच ठेवून जा.”

ओसरीवर लेखाला वेगळा आणि छायाचित्राला वेगळा मान देता यायचा. सोमवारी दुकान उघडल्यावर रंजीताने छायाचित्राखालच्या चौकोनावर टिचकी मारली. आजवर ती ‘बोडीकाठ’ या नावाने लिहीत होती. शेताजवळच्या लहान तळ्याला तिच्या भागात बोडी म्हणतात, हे तिने कितीजणांना समजावलं होतं. आज प्रतिसादाच्या शेवटी तिने स्वतःचं नाव लिहिलं.

‘छायाचित्राला मान. लेखाला नाही. छायाचित्रातल्या बाईंचं नाव रुखमाबाई. त्या माझ्या आई. त्या घास मोजत नव्हत्या. पाहुण्यांच्या घशात काटा अडकू नये म्हणून बघत होत्या. रंजीता.’

दुपारपर्यंत कुणीच काही लिहिलं नाही. संध्याकाळी न्यू जर्सीच्या एका बाईंनी लिहिलं, ‘घरगुती गोष्टी ओसरीवर नकोत.’ ठाण्याच्या एका गृहस्थांनी लिहिलं, ‘मान न देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण कारण सांगत बसणं आपल्या रीतीत बसत नाही. ज्येष्ठांनी बोट धरून वर आणलेल्यांनी तर नाहीच.’ मग एकामागून एक तसंच. लेख नीट वाचला होता का, असं तिने कुणाला विचारलं नाही.

दिलेला मान काढूनही घेता यायचा. रंजीताच्या कथेखालची नावं कमी होऊ लागली. मानच उरले नाहीत, तर कथा अंकातूनही जाणार होती. पाहता पाहता खाली साधनाचं तेवढं नाव उरलं. तिने फोन केला नाही, ओसरीवर एक शब्द लिहिला नाही, पण नावही काढलं नाही.

देवानंदला हे दिसत होतं. गर्दी नसताना त्याने दुसऱ्या संगणकावर ओसरी उघडली, स्वतःचं खातं काढलं आणि तिची कथा शोधू लागला. रंजीता त्याच्या मागे येऊन उभी राहिली.

“काय करून राह्यले?”

“देतो ना एक मान. मी आहो ना घरचा.”

तिने माऊसवर हात ठेवला.

“वाचली का?”

“तुहीच आहे ना. वाचाची काय गरज?”

“मंग नाई.”

“तूबी कमाल करते,” देवानंद म्हणाला. पण तिचा हात हलेना, तेव्हा तो खुर्ची पुढे ओढून वाचायला बसला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, तिचं लिखाण तो पहिल्यांदाच वाचत होता. मध्ये एक गिऱ्हाईक आलं, ते तिने सांभाळलं. वाचून झाल्यावर तो खुर्चीतच तिच्याकडे वळला.

“सुरुवात मस्त आहे,” तो म्हणाला. “शेवट नाई जमला तुले. ते पोरगी एवढ्या लौकर माफ काऊन करते?”

“अस्सं?”

“मले नाई पटलं.”

“त मंग नोका देऊ,” ती म्हणाली, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदाच हसली. देवानंदने मान न देताच ओसरी बंद केली. त्या रात्री जेवताना दोघं त्या कथेतल्या पोरीवरून भांडले.

अंक छपाईला जायच्या आदल्या दिवशी काकांचा निरोप आला. रंजीताने आधी लेख उघडला. घास मोजण्याचं वाक्य तिथे नव्हतं. त्या जागी होतं, ‘ती माऊली समोर बसून, आमच्या घशात काटा अडकू नये म्हणून जिवाच्या आकांताने बघत होती.’ गरिबीचं ते लाडकं वाक्यही गेलं होतं. बदल केल्याची नोंद कुठे नव्हती. खालचे प्रतिसाद न बघणाऱ्याला वाटलं असतं, पहिल्यापासून असंच होतं.

मग तिने निरोप वाचला. ‘दुरुस्ती केली आहे. मन मोठं करून केली. तुझी कथा अंकात ठेवायला मंडळाला मी सांगू शकतो. आता तरी?’

देवानंदने तिच्या खांद्यावरून वाचलं.

“वाकला मानूस,” तो म्हणाला. “इतका मोठा होऊन वाकला. दे आता. कथा येईन तुही.”

रंजीताला वाटलं, द्यावा. बोट चौकोनापर्यंत गेलंही. मग तिने सवयीने लेख अगदी वर नेला आणि पहिल्यापासून वाचायला घेतला. वाट चुकणं तसंच होतं. दारातला माणूसही तसाच होता, त्याचे डोळेही.

तिने निरोपाचा चौकोन उघडला. एरवी ती काकांना प्रमाण मराठीत लिहिताना दोनदा तपासायची. आज तपासलं नाही.

‘काका, तुम्ही वाट चुकला नव्हता. माझे भाऊ तुम्हाला घ्यायला बसथांब्यावर आले होते. तुमच्यासाठी मासळी मिळावी म्हणून ते रात्रभर जागे होते. ते दारू पीत नाहीत.’

निरोप गेला. देवानंदने प्रिंटरमध्ये कागद भरले आणि बाहेर उभ्या असलेल्या बाईला आत बोलावलं. बाईच्या हातात जुन्या रेशनकार्डाची चुरगळलेली प्रत होती.

“नवीन कार्डाचा अर्ज लिहाचा आहे, बाई,” ती रंजीताला म्हणाली.

“बसा,” रंजीता म्हणाली. तिने कीबोर्ड जवळ ओढला. “पूर्ण नाव सांगा.”