शेंदराचा पहिला हात

प्रविणच्या डोक्यावर टोपी होती. खाकी, रुंद काठाची, हनुवटीखाली दोरी असलेली. सुदामचं डोकं फिरायला तेवढी टोपी पुरली.

गावच्या ग्रुपवर तो व्हिडिओ आला तेव्हा सुदाम डहाणूच्या एसटी डेपोत चहा पीत होता. सख्ख्या काकाचा पोरगा, लहानपणी सुदामच्या उतरलेल्या चड्ड्या घालून मोठा झालेला, तो टोपी घालून वाघदेवाला शेंदूर लावत होता आणि भोवतीचे शहरी पाहुणे टाळ्या वाजवत होते. सुदामच्या अंगाचा असा तिळपापड झाला की चहा तसाच ठेवून तो गाडीवर चढला आणि पहिल्याच थांब्यावर एका म्हातारीशी सुट्ट्या पैशांवरून भांडला.

सुदामच्या झरी गावाकडच्या माणसाला वाघदेव सांगावा लागत नाही, पण तुम्हाला सांगितलेला बरा. उभा दगड, त्यावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते. त्या दिवशी देवाला तेलशेंदूर लागतो, नारळ फुटतो, आणि मगच पाड्यात नवा भात शिजतो. शेंदराचा पहिला हात थोरल्या घराचा. आजोबांनंतर बाप, बापानंतर सुदाम. प्रविणचं घर धाकटं. त्यानं नारळ धरायचा आणि गुमान बाजूला उभं राहायचं.

आता गेली तीन वर्षं सुदाम वाघबारशीला गेला नव्हता, हे खरं. दिवाळीच्या गर्दीत कंडक्टरला रजा कोण देतो? त्यानं मागितली नव्हती, तेही खरं. जादा गाड्यांवर ड्युटी लावून घेतली होती. पण माणूस गेला नाही म्हणून त्याचा मान काय दुसऱ्यानं उचलायचा?

प्रविणला हे सगळं मिळालं कुठून, तर पाड्यामागच्या डोंगराला मुंबईच्या एका शेठनं कुंपण घातलं, तंबू ठोकले आणि खासगी अभयारण्याचा बोर्ड लावला. आत चितळं, सांबरं, मोर, आणि नशीब असेल तर बिबट्या. प्रविण तिथं गाईड झाला.

"भावजी पास देतायत, जाऊन येऊ ना," सुदामची बायको हर्षदा म्हणाली.

"त्याच्या पासावर मी माझ्या डोंगरात जाऊ?" असं म्हणून सुदामनं पूर्ण भाडं भरून दोन दिवसांचा तंबू घेतला. हर्षदाला वाटलं, नवऱ्याला लग्नानंतर बारा वर्षांनी का होईना, सहलीची बुद्धी झाली. सुदामच्या पिशवीत मात्र शेंदराची डबी आणि तेलाची बाटली होती. चार लोकांदेखत प्रविणला बाजूला सारायचं आणि पहिला हात कुणाचा ते दाखवून द्यायचं, एवढ्यासाठी तो निघाला होता.

गेटवर प्रविण वाकून पाया पडला. "या दादा. वहिनी, या." तेही सुदामला खटकलं. टोपी काढून वाकला असता तर एक वेळ चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उघड्या जीपमध्ये सुरतेचं एक जोडपं आणि हे दोघं. जानेवारीची थंडी, मांडीवर रिसॉर्टचं ब्लँकेट. सुरतवाल्या बाई प्रविणला 'सर' म्हणत होत्या. सर, हे कुणाचं पाऊल? सर, हा कुठला पक्षी? आणि सर सांगत होते. बिबट्याचा ठसा दाखवला, सांबराची हाक ऐकवली, सुतारपक्ष्याचं भोक दाखवलं.

"भावजींना किती माहिती आहे हो," हर्षदा हळूच म्हणाली.

"मलाही आहे."

"मग कधी बोलला नाहीत."

सुदामनं ब्लँकेट मांडीवर घट्ट ओढून घेतलं. याला ही माहिती दिली कुणी? सांबराची हाक कशी ऐकायची हे सुदामच्या बापानं दोघांना एकाच बांधावर बसवून शिकवलं होतं. फरक एवढाच की सुदाम ते विसरून तिकिटं फाडत राहिला आणि हा त्याच्यावर सर झाला.

ऐनाच्या एका मोठ्या झाडाखाली जीप थांबली. तिथं दगड होता. वाघ, वर चंद्र-सूर्य, अंगावर शेंदराची पुटं.

"हे आमच्या लोकांचं दैवत," प्रविणनं सुरू केलं आणि खिशातून डबी काढली.

सुदाम उठला. त्यानं प्रविणच्या खांद्याला धरून त्याला मागे ओढलं. "हात लावायचा नाही. थोरलं घर अजून जिवंत आहे."

सुरतवाले बावरले. हर्षदानं कपाळाला हात लावला. प्रविण काहीतरी बोलायला गेला, "दादा, जरा ऐक, हा दगड..." पण ऐकतो कोण? सुदामनं चपला काढल्या, गुडघे टेकले, तेलात शेंदूर कालवला आणि बापानं शिकवल्याप्रमाणे वाघाच्या कपाळापासून शेपटीपर्यंत लावला. डोळे भरून आले त्याचे. तीन वर्षं आलो नाही, माफ कर, असंही तो मोठ्यानं म्हणाला. सुरतवाल्या बाईंनी फोटो काढले, हर्षदानंही काढले. प्रविण टोपी हातात घेऊन, मान खाली घालून उभा होता, आणि ते पाहून सुदामचं काळीज गार झालं.

परत येताना तो हसत होता. ब्लँकेटही त्यानं हर्षदाला देऊन टाकलं.

नाश्त्याला तो पोह्यांची दुसरी बशी घेत होता, तेव्हा प्रविणनं त्याला बाजूच्या बाकावर बोलावलं.

"दादा, रागावू नको. तो देव नाही."

"काय बोलतोस?"

"शेठला डोंगरात देव दाखवायचा होता. आपला देव पैशासाठी कसा दाखवू? मी पाथरवटाकडून दुसरा घडवून घेतला आणि दोन पावसाळे बाहेर टाकून ठेवला. सगळ्या पाड्याला माहीत आहे. मला वाटलं, तू तरी ओळखशील."

सुदामनं पोह्यांची बशी बाकावर ठेवली.

"मग आपला?"

"जिथं होता तिथंच. देव कुंपणाबाहेर राहील अशी रेघ मी काढायला लावली. त्यावरून माझी नोकरी जात होती."

"आणि वाघबारशीला शेंदूर कोण लावतं?"

"कोण लावणार? हात तुझा. आम्ही संध्याकाळपर्यंत थांबतो, नारळ ठेवतो आणि येतो. तीन वर्षं देव कोरडा आहे. पाड्यातल्या लोकांनी पोराबाळांसाठी नवा भात शिजवायला सुरुवात केली. आई नाही खात. नागलीची भाकरी खाते."

आई म्हणजे बायजीकाकी. सुदामची आई गेल्यावर तिनंच त्याला जेवू घातलं होतं.

तेवढ्यात हर्षदा फोन घेऊन आली. "तुमचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकलाय हो. मस्त आलाय." फोटोत सुदाम गुडघे टेकून, डोळ्यांत पाणी आणून त्या विकतच्या दगडाला शेंदूर लावत होता, आणि पाड्यातल्या सत्तर-ऐंशी फोनांवर तो एव्हाना पोचला होता. कुणी हसलं असेल म्हणून त्यानं धास्तीनं फोटोखाली पाहिलं. कुणी हसलं नव्हतं. प्रविणच्या बायकोचं, योगिताचं, एकच उत्तर होतं.

'सासूबाई विचारतात, दादा डोंगरापर्यंत आलेत, तर आज नवा भात शिजायला घालू का?'

सुदामनं ते दोनदा वाचलं. मग फोन प्रविणच्या हातात दिला.

"घालायला सांग," तो म्हणाला. "आणि तू माझ्याबरोबर चल. मला एकट्याला ती जागा आता सापडायची नाही."

प्रविण उठला आणि पुढे चालू लागला. कुठं वळायचं, कुठं वाकायचं, हे त्याला न बघता कळत होतं. त्याच्या मागून चालताना सुदामला त्याचा पुन्हा हेवा वाटला, आणि या वेळी टोपीचा नाही.