अक्काचा नकार

आमच्या अमलापुरम भागात माझी थोरली बहीण मंगतायारू लग्नं जुळवायची. पत्रिका काय, कुणीही बघतं. लोक अक्काकडे यायचे ते तिच्या नकारासाठी. मुलाच्या घरी जायची, ताक प्यायची, इकडच्या तिकडच्या गप्पा मारायची आणि परत येऊन म्हणायची, "नको." का, ते तिला सांगता यायचं नाही. "पोटात कालवलं गं," एवढंच. रामचंद्रपुरमच्या एका इंजिनिअरला तिने असंच नाकारलं. मुलीकडचे चिडले, दुसऱ्या कुणामार्फत तेच लग्न लावलं आणि वर्षाच्या आत मुलीला परत आणलं.

मग अक्काचं डोकं दुखायला लागलं. कपाळामागे, डोळ्यांच्या वर गाठ निघाली. विशाखपट्टणमला ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर तिने सगळ्या भाचरांची नक्षत्रं घडाघडा म्हणून दाखवली. डॉक्टर मला म्हणाले, "बुद्धी शाबूत आहे. पण गाठीबरोबर मेंदूचा जो भाग गेला, तिथे माणसाला आतून कळत असतं, हे बरं, हे नको. मोठे निर्णय यांच्यावर सोपवू नका."

आम्ही माना डोलावल्या. जिला पंचांग तोंडपाठ, तिला काय झालंय, असंच वाटलं सगळ्यांना.

घरी आल्यावर साडीच्या दुकानात ती दोन साड्यांपुढे दुपारभर बसली. हिचा काठ टिकतो, तिचा रंग जात नाही. शेवटी दुकानदारानेच कंटाळून एक बांधून दिली. भावोजींच्या श्राद्धाला तिच्या डोळ्यांत टिपूस नाही. मी म्हटलं, दुखणं मोठं होतं, थकली असेल.

तेवढ्यात माझ्या मुलीला, हैमवतीला, काकिनाड्याचं स्थळ आलं. मुलगा फणींद्र, वीज खात्यात. अक्का बघून आली.

"कसा आहे?"

"निर्व्यसनी. एकुलता. घर स्वतःचं. पत्रिका उत्तम."

"आणि तुझं पोट काय म्हणतं?"

"पोटाला काय होणार, शेषू? गोंगुऱ्याची चटणी छान होती."

आम्ही हसलो. अक्का नको म्हणाली नाही, मग आणखी काय हवं होतं?

लग्न झालं, आणि संक्रांतीच्या आधी हैमा परत आली. डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. वाढताना ताटाबाहेर भात सांडला, एवढं निमित्त.

अक्का तिच्याजवळ बसली, कान बघितला आणि सहज म्हणाली, "मी गेले होते तेव्हा त्याच्या आईच्या हातून पेला पडला. उचलायच्या आधी तिने दोन्ही हातांनी डोकं झाकलं."

"तू पाहिलंस हे?" मी विचारलं.

"हो. स्टीलचा पेला होता."

"आणि बोलली नाहीस?"

"पाहिलं, पण मला काही झालंच नाही गं. पूर्वी व्हायचं."

मी तिच्यावर हात उगारला. तिने हाताकडे बघितलं, मागे सरकलीसुद्धा नाही. मलाच तो खाली घ्यावा लागला.

हैमाने मावशीलाच विचारलं, "पेद्दम्मा, मी परत जाऊ की इथेच राहू?"

"गेलीस तर त्याची नोकरी आहे, लोकांची तोंडं बंद राहतील," अक्का शांतपणे म्हणाली. "राहिलीस तर मार वाचेल. दोन्हीकडे बरंच आहे. बघायला हवं."

हैमाने उठून आपली पेटी आतल्या खोलीत नेऊन ठेवली.

आता ती चौकातल्या औषधांच्या दुकानात काम करते. गिऱ्हाइकांना उजव्या बाजूने बोला म्हणून सांगते.

आणि अक्काचं काम वाढलंय. पूर्वी बहुतेकांना रिकाम्या हातांनी परत पाठवायची, आता कुठल्याच स्थळाला नाही म्हणत नाही. लोकांना तेच आवडतं. "आजारपणानंतर बाई किती मवाळ झाल्या," म्हणतात. परवा मुम्मिडिवरमची एक बाई मुलीची पत्रिका घेऊन आली. मी तिला फाटकातच गाठलं, हैमाला समोर उभं केलं, सगळं सांगितलं.

तिने नीट ऐकून घेतलं. "तुमच्या मुलीचं नशीब फुटकं," म्हणाली, "त्याला त्या काय करणार?"

चपला काढून ती आत गेली.